ताटात न वाढलेलं

लग्नात सुलेखाचं वजन सत्तेचाळीस किलो होतं. हे तिला स्वतःला लक्षात ठेवावं लागत नसे, कारण त्यासाठी माणसं होती. अल्बम निघाला की नणंद म्हणायची, "वहिनी, ही तूच का गं?" आणि नवरा आकाश, ज्याचं स्वतःचं पोट चिकलठाण्याच्या कंपनीच्या कँटीननं दरसाल इंचभर पुढं आणलं होतं, तो मोकळेपणानं हसायचा. आता छत्तिसाव्या वर्षी ती एकोणऐंशी किलोंची झाली होती. मुलगी श्रेया पाचवीत, मुलगा सुयश दुसरीत, घरात सासू गीताबाई, आणि मुकुंदवाडीच्या एका गल्लीत अंगणवाडी सेविकेची नोकरी.

नोकरीतही वजनानं तिची पाठ सोडलेली नव्हती. दर महिन्याला गल्लीतल्या तीसेक लेकरांना एकेक करून काट्यावर उभं करायचं, आकडा मोबाइलमध्ये भरायचा, आणि ज्याचं वजन भरत नाही त्याच्या आईला समोर बसवून विचारायचं की काल दिवसभरात पोराच्या पोटात काय गेलं. आया काय सांगतात आणि काय लपवतात हे सुलेखाला नऊ वर्षांत पाठ झालं होतं. "दूध देते रोज" म्हणणारीच्या घरात दूध फक्त चहापुरतं येतं, हे ती तिच्या चेहऱ्यावरून ओळखायची. त्याबाबतीत तिला कोणी फसवू शकत नव्हतं.

आषाढात एक दिवस चार वर्षांचा एक रडका पोरगा काट्यावरून उचलताना तिच्या पोटात काहीतरी चटकन सरकलं. सुयशच्या वेळच्या टाक्यांपाशी हात लावला तर लिंबाएवढा गोळा. आडवं पडलं की आत जायचा, उभं राहिलं की बाहेर. जालना रोडवरच्या दवाखान्यातल्या सर्जननं सोनोग्राफीचा कागद बघून सांगितलं की हर्निया आहे, आतून जाळी बसवावी लागेल.

"पण या वजनावर मी बसवणार नाही," डॉक्टर म्हणाले. "वर्षभरात पुन्हा बाहेर येईल आणि तुम्ही मलाच बोल लावाल. बहात्तरवर या, मग बघू."

"आणि नाही आले तर?"

"तर लेकरं उचलत राहा. एखाद्या दिवशी आतडं त्यात अडकलं की मग काटा बघायलाही कोणाला वेळ मिळायचा नाही."

सुलेखा घाबरली. घाबरण्याला तिच्याकडं वेळ नव्हता ही गोष्ट वेगळी. ऑपरेशन करायचं तर दिवाळीतच जमणार होतं, कारण तेव्हा मुलांची शाळा बंद, अंगणवाडी बंद आणि आकाशची कंपनीही चार दिवस बंद. दिवाळी हुकली की थेट मे महिना, आणि मे महिन्यापर्यंत पोटातला हा गोळा सांभाळत लेकरं उचलायची. सात किलो, साडेतीन महिने. बाई कंबर कसून कामाला लागली, अर्थात डॉक्टरांनी कंबरेला पट्टा दिला होता तो बांधूनच.

दवाखान्यातच आहाराचं बघणाऱ्या मोनिका मॅडम होत्या. पंचविशीची, चवळीच्या शेंगेसारखी मुलगी. तिनं एक छापील तक्ता दिला, त्यात मखाणे होते आणि ओट्स होते आणि भाकरी कुठंच नव्हती. सुलेखानं विचारल्यावर तिनं पेनानं भाकरी लिहून दिली. मग एक कोरी वही दिली. "दिवसभरात जे खाल ते सगळं यात लिहायचं. प्रामाणिकपणे हं मॅडम."

प्रामाणिकपणे. जी बाई रोज दुसऱ्यांच्या खाण्याचा पंचनामा करते, तिला ही पोरगी प्रामाणिकपणा शिकवणार. सुलेखानं ओठ दाबून वही पिशवीत टाकली.

आणि खरोखर, तिनं काडीचीही चोरी केली नाही. सकाळी एक भाकरी, दुपारी एक भाकरी, रात्री एक. भाजी, काकडी, पातळ वरण. भात बंद, साखर बंद. पावसाळ्यातला वर्षावास सुरू होता, रविवारी बुद्धविहारात वंदनेनंतर खीर असायची, तिची वाटी ती शेजारणीला द्यायची. पहाटे साडेपाचला उठून सिडकोच्या बागेला सहा फेऱ्या मारायची. तिथं तिच्यासारख्याच वीस-पंचवीस आया ओढणी कमरेला बांधून चालत असत, आणि प्रत्येकीचा एक डोळा घड्याळाकडं असे, कारण सातला रिक्षावाले काका येतात. एकीला पाठदुखी, एकीला गुडघे, एकीला नवऱ्याचे टोमणे. सगळ्या म्हणत, मी तर काहीच खात नाही गं, तरी वाढतंय.

सहा आठवड्यांनी काटा म्हणाला, एकोणऐंशी किलो दोनशे ग्रॅम.

मोनिका मॅडमनी वही चाळली. परत चाळली. मग सुलेखाकडं अशा नजरेनं बघितलं की सुलेखाच्या अंगाचा तिळपापड झाला, कारण ती नजर तिला ओळखीची होती. दूध देते रोज म्हणणारीकडं ती स्वतः असंच बघत असे.

"वहीत सगळं आहे ना, मॅडम?"

"म्हणजे मी खोटं लिहिते का?"

"तसं नाही."

तसंच होतं. घरी आल्यावर आकाश म्हणाला, "थायरॉईड असंल यार, कशाला टेन्शन घेऊ राहिली." थायरॉईड तपासलं, ठणठणीत निघालं. मग तो म्हणाला की काही लोकांची हाडंच जड असतात. पाचवी ब च्या आयांच्या ग्रुपवर कोणी दालचिनीचं पाणी सांगितलं, कोणी एकवीस दिवसांचं चॅलेंज टाकलं, आणि कोणी स्वतःचा कंबर मोजतानाचा फोटो टाकला, ज्यात कंबर नव्हतीच. गीताबाईंचं निदान सगळ्यात पक्कं होतं. "बाळातपणात डिंक खाय म्हनलं तं नाय खाल्ला. अंगात वारं भरलं. आता कशानंच नाय उतरायचं."

"मग मी हवेनंच फुगते, आत्याबाई," सुलेखा म्हणाली, आणि ओट्यापाशी उभी राहून मुलांचे डबे उघडू लागली. श्रेयानं दीड पोळी परत आणली होती, कारण आज मैदानावर खो-खो होता. सुयशनं पराठ्याच्या कडा तेवढ्या कुरतडून मधला भाग ठेवला होता, कारण त्यात मेथी होती. संताप संताप होत होता. ही असली वही, ही असली पोरगी. भांडी घासायची तर डबे रिकामे हवेत, म्हणून तिनं उभ्या उभ्या ते रिकामे केले, नळ सोडला आणि डबे घासून पालथे घातले.

भाद्रपदातल्या एका सकाळी अंगणवाडीत शीला आली. शीला सिल्लोडकडची. तिचा नवरा बिरू, ज्याच्या बापानं जन्मभर मेंढरं राखली, तो चिकलठाण्याच्या नव्या बिल्डिंगांवर मिस्त्रीच्या हाताखाली होता. दोन पोरं महापालिकेच्या शाळेत, धाकटा अजिनाथ अंगणवाडीत. अजिनाथचं वजन भरत नव्हतं आणि शीलाचं आवरत नव्हतं. पंचविशीतच तिला जिना चढताना धाप लागायची. सुलेखाला वाटलं, लेकराचं विचारतोच आहोत, तर आईचंही विचारावं.

"शीला, तू सकाळपासून काय खाल्लं?"

"मी? काय नाय, ताई. कपभर च्या."

हे सांगताना शीलाच्या मांडीवर अजिनाथची ताटली होती. अजिनाथ दोन घास खाऊन खेळायला पळाला होता, आणि शीला बोटांनी खिचडी गोळा करून तोंडात टाकत होती. तोंडात घास असल्यामुळं ती जरा हळूच बोलली.

"मग हे काय खातीस?"

शीलानं ताटलीकडं बघितलं. तिला प्रश्नच कळला नव्हता. "ह्ये? ह्ये तं अजिनाथचं उरेल हाय."

सुलेखानं भाषण द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. शीला खोटं बोलत नव्हती. नऊ वर्षांत तिच्यापुढं इतकं खरं कोणी बोललं नव्हतं. लेकराचं उरलेलं आवरणं म्हणजे खाणं नव्हे, ते भांडी घासण्यातलंच एक काम. आपण सहा आठवडे वहीत काय लिहिलं आणि काय लिहिलं नाही, हे सुलेखाला त्या ताटलीत स्पष्ट दिसलं, आणि तिला इतकी लाज वाटली की ती उठून लेकरांना पाणी द्यायला गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं एक ताट ओट्याच्या कोपऱ्यात मांडलं. जे जे एरवी तोंडात गेलं असतं ते सगळं त्यात टाकायचं ठरवलं. सकाळी सुयशचं अर्धं उकडलेलं अंडं आणि तळाशी बिस्किट विरघळलेलं दूध, ते वाटीत. श्रेयाची पोळीची गुंडाळी. अंगणवाडीत रोज शिजलेल्या खिचडीची चव बघून नोंद करावी लागते, ती चव चमच्याची नसून मुठीची असते हेही तिला त्या दिवशी कळलं, ती मूठ तिनं डब्यातून घरी आणली. सुयशचा अर्धा पराठा. आकाशनं ताटात सोडलेला भात, कारण त्याला फोन आला. कढईला चिकटलेली बटाट्याची भाजी, एवढ्याशासाठी कोण डबी काढणार. रात्री नऊला तिनं ताट बघितलं. ते भरलं होतं. एका धडधाकट माणसाचं पोटभर जेवण होतं ते. बारा वर्षं ती हे रोज जेवत होती, उभ्यानं, गार, आणि चव न घेता. आणि वर पहाटे उठून बागेला फेऱ्या मारत होती.

तिला रडू आलं नाही, राग आला. कोणावर यायला हवा ते मात्र ठरेना.

त्या रात्री तिनं ते ताट ओल्या कचऱ्याच्या बादलीत रिकामं केलं. सकाळी घंटागाडीच्या आधी बादली बाहेर न्यायला गेली, तर गीताबाई बादलीपाशी उकिडव्या बसल्या होत्या. पराठा आणि पोळी त्यांनी बाहेर काढून एका ताटलीत ठेवली होती आणि वरचा चहाचा चोथा बोटानं निपटत होत्या.

"आत्याबाई, काय करताय हे? ठेवा ते."

"बहात्तरच्या दुष्काळात म्या धा वर्षाची व्हते," गीताबाई म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत, वर बघितलंही नाही. "वैजापूरच्या रस्त्याला माही माय खडी फोडायची. खायाला सुकडी भेटायची. कागदाची पुडी व्हती, माहा भाऊ त्यो कागद चघळायचा. तुला फेकायचं आसंल तं फेकू नको. मला सांग. म्या खाईन."

सुलेखाची सासू दुष्ट असती तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. सुलेखानं तीन वेळा सांगितलं की तुम्हाला शुगर आहे, गोळी चालू आहे. चौथ्या वेळी सांगितलं नाही. डबे ती आता उघडून ओट्यावर ठेवायची आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर जायची. खाली येईपर्यंत डबे रिकामे झालेले असायचे.

काटा उतरू लागला. सत्याहत्तर, शहात्तर, नवरात्राच्या सुमारास चौऱ्याहत्तर. मोनिका मॅडम खूष झाल्या, वहीवर त्यांनी हसरा चेहरा काढून दिला. बागेतल्या बायका विचारू लागल्या, काय केलं गं. आणि सुलेखा गच्चीवर रोज जरा जास्त वेळ कपडे झटकत राहिली. आपण काय करतोय हे तिला कळत होतं. तिला दिवाळी गाठायची होती.

आश्विन पौर्णिमेला विहारात आरोग्य तपासणी होती. गीताबाईंच्या बोटाला सुई टोचली आणि आकडा निघाला तीनशे बारा. तपासणाऱ्या मुलीनं त्यांना उठू दिलं नाही, आकाशला फोन करून बोलावून घेतलं. संध्याकाळी घरी आल्यावर गीताबाई पलंगावर आडव्या झाल्या आणि आकाश स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"तुझ्या डाएटपायी आईनं सगळ्यांचं उरलेलं खायचं का? तुला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं," सुलेखा म्हणाली.

"मग?"

"मग काय? आधी मी खात होते, तेव्हा मला हर्निया झाला. मी सोडलं तर यांची शुगर वाढली. या घरात उरलेलं अन्न बाईकडंच जातं. मी सरकले की ते पुढच्या बाईकडं गेलं. अजून दहा वर्षांनी श्रेयाकडं जाईल." तिनं ओट्यावरचे दोन्ही डबे उचलले, एक ताट घेतलं, त्यात ते पालथे केले आणि ताट त्याच्यापुढं ठेवलं. अर्धी पोळी, चार घास पुलाव, सुयशनं चावून ठेवलेलं सफरचंद. "आज हे तुम्ही खा."

"मी उष्टं खात नाही. माहितीये तुला."

"मलाही आवडत नाही. बारा वर्षांत कोणी विचारलं नाही."

तिचा आवाज चढला होता. बाहेर अभ्यास करणाऱ्या श्रेयाचं पाठांतर थांबलं. सुलेखाला वाटलं की आता आत्याबाई उठतील आणि नेहमीसारखं म्हणतील, राहू दे, लेकरू कामावरून आलंय. गीताबाई उठल्या नाहीत. पलंगावरूनच बोलल्या.

"बस खाली, आकाश. म्याच तुला कदी उष्टं खाऊ नाय दिलं. तुह्या बहिनीला दिलं, तुला नाय. माही चुकी हाय ती. खाय आता."

आकाश बसला. औषध घ्यावं तसं त्यानं ते खाल्लं, सफरचंदासकट. सुलेखा समोर उभी राहून बघत होती. तिला समाधान वाटायला हवं होतं, पण तिला आत्याबाईंच्या सुजलेल्या पायांकडंच बघवत नव्हतं. रात्री तिनं त्यांचे पाय चेपले. "मला कळत होतं, आत्याबाई," ती म्हणाली. "मी मुद्दाम वर जात होते."

"मला का कळत नव्हतं?" गीताबाई म्हणाल्या. "तुहं आपरेशन व्हायला पायजे व्हतं."

पुढं जे घडलं त्यानं सुलेखाचं डोकं सगळ्यात जास्त फिरलं. तीन दिवस. फक्त तीन दिवस आकाशनं डबे संपवले, आणि चौथ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात येऊन तो म्हणाला, "सुयशला दोन पराठे कशाला देतेस? त्याला एकच पुरतो. आणि मेथी घालू नको, तो खात नाही." मग श्रेयाला समोर उभं करून सांगितलं की परत आणलं तर संध्याकाळी तेच मिळेल. हेच सुलेखानं पहिलीपासून चार वेळा सांगून बघितलं होतं. तेव्हा घरानं तिला काय म्हटलं होतं, की लेकरांच्या तोंडचं काढतेस. आता पप्पांनी सांगितलं म्हटल्यावर डबे दोन-तीन दिवसांतच चाटूनपुसून घरी येऊ लागले. ती भिंतीवर डोकं आपटणार होती, पण पोटाला ताण नको म्हणून राहिली.

दिवाळीआधीच्या गुरुवारी दवाखान्याच्या काट्यावर ती उभी राहिली. बहात्तर किलो तीनशे. सुलेखानं चपला काढल्या, कंबरेचा पट्टा सोडला, कानातलंही काढू लागली. डॉक्टरांनी हात वर केला. "राहू द्या. तीनशे ग्रॅमसाठी मी कोणाला परत पाठवत नाही." गोळ्या बदलून दिल्यावर गीताबाईंची शुगर एकशे सत्तरवर आली होती, त्यामुळं मुलांजवळ त्या थांबल्या आणि दवाखान्यात आकाश आला.

जाळी बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातल्या मावशींनी मऊ खिचडीची वाटी आणून दिली. खाटेला टेकून बसलेली सुलेखा हळूहळू खात होती. कोणाची शाळा नव्हती, कोणाचा डबा नव्हता, तरी तिचा हात घाईत चालत होता आणि ती स्वतःलाच सांगत होती, सावकाश. अर्धी वाटी झाली आणि पोट भरलं. खरंच भरलं, पुढं घास जाईना. तिनं वाटी मांडीवर ठेवली.

"नको का?" आकाशनं विचारलं. "टाकून देऊ?"

सुलेखानं त्याच्याकडं नुसतं बघितलं. टाके ताजे होते, जास्त बोलताही येत नव्हतं. त्यानं वाटी हातात घेतली, बाहेरच्या कचऱ्याच्या डब्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि स्टुलावर बसून तिच्याच चमच्यानं खाऊ लागला. तिचं उरलेलं दुसऱ्या कोणी खाण्याची ही पहिलीच वेळ होती, माहेर धरून. तिनं मान खिडकीकडं फिरवली.

"गार झालीये," आकाश तोंडात घास घेऊन म्हणाला.

"उरलेलं गारच असतं," सुलेखा म्हणाली.